भेटीची तालीम

"चालत नाही, पळत जायचं," अण्णासाहेब म्हणाले. "सात वर्षांनी तुझं माणूस भेटतंय तुला. बाजाराला निघालीयेस का?"

मी पुन्हा विंगेत जाऊन उभी राहिले. सभागृहातले पंखे बंद होते, कारण त्यांच्या घरघरीत पेटीवाल्याला सूर सापडत नव्हता. समोरच्या विंगेत माझी आत्ती म्हणून मोहितेबाई उभ्या होत्या. मोहितेबाई आमच्या अधीक्षिका. त्यांना मिठी मारायची कल्पना माझ्या मनात कधी आली नव्हती, त्यांच्याही आली नसावी, कारण मी जवळ पोचले की त्या दोन्ही हात असे पुढे करायच्या, जणू अंगावर येणारी गाय थोपवायचीय.

"रडायचं कधी?" मी विचारलं.

"मिठी मारल्यावर. आधी रडलीस तर पळताना चेहरा वाईट दिसतो."

"आणि आत्ती?"

"ती रडेलच." अण्णासाहेबांनी पेटीवाल्याकडे बघून हात हलवला. "बायका रडतात. खेड्यातल्या तर हमखास."

मी पळाले. पेटी वाजली. मोहितेबाईंनी मला थोपवलं. अण्णासाहेबांनी खिशातून रुमाल काढून डोळे टिपले. तालमीतसुद्धा त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी यायचं. ती त्यांची कला होती. तिच्यावर त्यांनी संस्थेची दुमजली इमारत उभी केली होती.

संस्थेचं नाव करुणालय बालसदन. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अनाथ बालिकांचा आधार'. आत आम्ही पन्नास-साठ मुली होतो आणि त्यांतल्या खरोखर अनाथ किती, हे विचारणं वाईट दिसायचं. रुक्साराची आई हमरस्त्यावरच्या धाब्यावर भाकऱ्या थापायची. अनसूयाचा बाप येरवड्याच्या तुरुंगात होता आणि आजी-आजोबा दोन गावं पलीकडे शेरडं राखत होते. पण 'आईला परवडत नाही म्हणून ठेवलीय' असं पाटीवर लिहून देणग्या मिळत नाहीत. 'अनाथ' म्हटलं की माणसं विरघळतात. गावातले लोक आपल्या पोरांचे वाढदिवस आमच्याकडे साजरे करायला यायचे. केक कापायच्या आधी पोराला सांगायचे, "बघ, यांना कोणीसुद्धा नाही." ते पोर आमच्याकडे राणीच्या बागेतले प्राणी बघावेत तसं बघायचं. आम्ही टाळ्या वाजवून त्याचं नाव घेत गाणं म्हणायचो, मग कागदी बशीत केकचा तुकडा मिळायचा. उपकार फेडण्यासारखं आमच्याकडे एवढंच होतं, की आम्हाला कोणी नाही.

मी तिथे आले तेव्हा सहा वर्षांची होते. आई-वडील लग्नाला निघाले होते ती माणसं कोंबून नेणारी वडापची जीप उलटली. चुलत्याने मला तेराव्यानंतर इथे आणून सोडलं, फाटकाबाहेर पेरू घेऊन दिला आणि लवकरच येतो म्हणाला. तो आला नाही याचं मला फारसं नवल वाटलं नाही. चुलतीचा चेहरा मी पाहिला होता. मी वाट बघत होते ती आत्तीची. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, सोजरबाई. करमाळ्यात तिची पिठाची गिरणी होती. तिच्या अंगाला सदा ज्वारीच्या पिठाचा वास यायचा, आणि गिरणीच्या आवाजावर आवाज काढून काढून ती घरातही असं बोलायची की शेजारची माणसं उत्तरं द्यायची.

ती आली नाही. मी मोहितेबाईंना विचारायची. त्या म्हणायच्या, "तुझ्याकडचं कोणी फिरकलंसुद्धा नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी विचारणंच सोडलं. पुढे पुढे मला आत्तीचा राग यायला लागला आणि रागानंतर जे येतं ते आलं. मी तिला मोजेनाशी झाले. संक्रांतीला कुणी विचारलं, तुझं कोण आहे गं, की मी आरामात सांगायची, कोणी नाही.

मी तेरा वर्षांची असताना वरून आदेश आले, की ज्या मुलांचं कोणी आहे त्यांची माणसं शोधा, आणि घरी नेता येण्यासारखं असेल तर घरी पाठवा. मुलं संस्थेत वाढवायची नाहीत, संस्था शेवटचा उपाय. अण्णासाहेब त्या दिवशी प्रार्थनेनंतर आमच्यासमोर उभे राहून पाऊण तास बोलले. "या कळ्यांना पुन्हा त्या दलदलीत ढकलायचं?" ते म्हणाले आणि रडले. डोकी जितकी, तितकं अनुदान, हे आम्हा कळ्यांनासुद्धा माहीत होतं.

जिल्ह्याच्या कार्यालयातून तांबोळी मॅडम यायला लागल्या. रेश्मा तांबोळी, वय तिशीच्या आतलं, हेल्मेटने कायम चप्प बसलेले केस. त्या एकेका मुलीला बाहेर कडुलिंबाखाली घेऊन बसायच्या आणि गावाचं नाव, शाळेचं नाव, घरासमोर काय होतं, असलं विचारायच्या. पहिल्यांदा मी त्यांना काहीच सांगितलं नाही. दुसऱ्यांदा गिरणीचं सांगितलं, तेही त्या जातील म्हणून.

महिन्याभरात त्या परत आल्या. "शालन, तुझी आत्या सापडली."

"सापडली म्हणजे? हरवली होती का?"

तांबोळी मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "ती म्हणते, हरवली होतीस तू."

"मी इथेच होते."

त्या काहीतरी बोलणार होत्या. मग मागे पायरीवर मोहितेबाई उभ्या असलेल्या त्यांना दिसल्या आणि त्या थांबल्या. "तुला जायचंय का तिच्याकडे? ते तू सांगायचं. तुझं म्हणणं बालकल्याण समितीपुढे लागतं."

"तिला न्यायचंय का मला?"

"ती आजच निघाली होती माझ्याबरोबर. गाडीवर मागे बसते म्हणाली."

मी खांदे उडवले. जाईन म्हणाले. इथल्या भातापेक्षा तिकडची भाकरी बरी असेल, एवढाच विचार मी केला. प्रेमाबिमाचा हिशेब मी केव्हाच बंद केला होता.

अण्णासाहेबांना एव्हाना कळून चुकलं होतं की आदेश टळत नाहीत. मग त्यांनी त्याचा समारंभ केला. आधी ज्याला दलदल म्हणत होते त्याला आता ते 'मायेचं घरटं' म्हणायला लागले. 'कुटुंबमिलन सोहळा' असा फलक रंगवून आला. त्यात अण्णासाहेबांचा फोटो एवढा मोठा होता की मिलन त्यांचंच आहे असं वाटावं. पहिल्या फेरीला माझी निवड झाली, कारण माझे डोळे मोठे होते. असं मोहितेबाईंनीच सांगितलं.

सोहळ्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होतो. खाली फाटकाशी कुणीतरी बाई मोठ्याने बोलत होती. "नुसती बघून जाते," असं काहीतरी. अण्णासाहेबांचा मऊ आवाज आला, "मावशी, आता बघितलंत तर त्या दिवशी चेहऱ्यावर ते येत नाही. पाहुणे येणार आहेत. पोरीच्या भल्याचंच आहे." मी कठड्याशी गेले तेव्हा मला फक्त पाठ दिसली. हिरवं लुगडं, काखेत कापडी पिशवी. ती बाई रस्त्याला लागली होती आणि मागे वळून बघत नव्हती.

मी चादर घडी घातली. एवढ्यावरच गेली आत्ती? फाटक दोन हातांनी हलवून तरी बघायचं. मला वाटलं, हिला न्यायची हौस असेल, घाई नाहीये.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी आम्हाला तेल लावून दोन वेण्या घातल्या. सभागृह भरलं होतं. पुढच्या दोन रांगांत देणगीदार, त्यांच्या बायका, एक फोटोग्राफर. प्रमुख पाहुणे पशुखाद्याचे कारखानदार होते. ते पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत बसले होते. मंचावर एका कडेला साडी-चोळी आणि शिलाई मशीन हार घालून ठेवलं होतं. ती आत्तीला संस्थेची भेट. तांबोळी मॅडम खाली भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना कोणी खुर्ची दिली नव्हती.

अण्णासाहेब बोलले. "रक्ताची नाती शोधण्यासाठी आम्ही रानोमाळ भटकलो," ते म्हणाले. भटकल्या तांबोळी मॅडम, स्वतःच्या स्कूटीवर. "जगाच्या पाठीवर हिचं कोणी नाही असं आम्हाला वाटत होतं. पण करुणालयाने हार मानली नाही." इथे रुमाल निघाला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पर्समधून आपापले काढले.

पेटी सुरू झाली. मोहितेबाईंनी मागून मला ढकललं.

समोरून आत्ती आली. मी ओळखलं, आणि त्याचा मला रागच आला. मला वाटलं होतं ओळखणार नाही. केस पांढरे झाले होते, की पीठ होतं, कळलं नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. वरपासून खालपर्यंत, पायातल्या चपलेपर्यंत. मी पळाले नाही. तीही पळाली नाही. ती मंचाच्या मध्यापर्यंत आली आणि मला सोडून सरळ पाहुण्यांच्या टेबलाकडे गेली.

"कागद द्या," ती म्हणाली.

अण्णासाहेब हसले. "आधी भेट, मावशी. मग आदेशाचा कागद. पाहुण्यांच्या हस्ते."

"आधी कागद."

"तसं कार्यक्रमात नाहीये..."

"मला कार्यक्रम कळत न्हाई. पोरगी माझ्या ताब्यात दिल्याचा कागद द्या."

पाहुण्यांना जेवायला घरी जायचं असावं. त्यांनी टेबलावरचा कागद उचलून तिच्या हातात दिला. फोटोग्राफरने फोटो घेतला. आत्तीने तो कागद उघडला, खाली भिंतीकडे धरला आणि तांबोळी मॅडमना विचारलं, "ह्योच का गं? सही-शिक्का हाय का समद्यांचा?"

"आहे," तांबोळी मॅडम म्हणाल्या.

आत्तीने कागदाची घडी घालून पोलक्यात ठेवली.

मी मध्येच उभी होते, दोन वेण्या घालून, हात कुठे ठेवावेत ते न कळून. मला वाटलं, हीच ती. सात वर्षांनी आली आणि माझ्या तोंडाला हात लावायच्या आधी कागद मागितला. आता मशीन मागेल. मी तोंड फिरवणार, एवढ्यात ती अण्णासाहेबांकडे वळली.

"आता वळखलं का मला?"

अण्णासाहेबांनी माइकवर हात ठेवला. "नंतर बोलू, मावशी."

माइक झाकून काय होणार होतं? आत्तीचा आवाज गिरणीच्या पट्ट्याच्या वर चढायला शिकलेला होता. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या स्वयंपाकिणींनासुद्धा शब्द न् शब्द ऐकू गेला.

"हिचं आई-बाप गेलं त्या साली, दिवाळीच्या तोंडाला, मी तुमच्या हापिसात आलते. भाचीला न्यायला. तुम्ही खुर्चीत बसला हुता. मला च्या पाजलात. म्हणालात, पोरगी मुंबईला दिली, बंगलेवाल्यांना. कायद्यानं दिली. आता तोंड दाखवू नका, तिच्या जिवाला घोर लागंल. म्हणालात का न्हाई?"

अण्णासाहेबांनी खिसा चाचपला.

"पोरगी तवा वर माळ्यावर हुती. हितंच. म्हणालात का न्हाई ते सांगा की ह्या लोकांना."

मी मोहितेबाईंकडे बघितलं. त्या विंगेतला पडदा सारखा करत होत्या.

मग जे झालं ते मी आजवर अनेकांना सांगितलंय आणि कोणाचा विश्वास बसत नाही. अण्णासाहेबांनी रुमाल काढला. डोळ्यांना लावला. खांदे हलवले. पहिल्या रांगेतल्या एका बाईने हुंदका दिला आणि टाळी वाजवली. तिच्या शेजारणीने वाजवली. पेटीवाल्याला वाटलं खूण झाली, त्याने सूर धरला. बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. त्यांना ते कार्यक्रमातलंच वाटलं. खेड्यातली बाई, भावनेच्या भरात काहीबाही बोलतेय, किती निरागस. पाहुण्यांनी बाटली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. अण्णासाहेबांनी माइकवरचा हात काढला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "आनंद अनावर झाला की माणसाला भान राहत नाही."

आत्तीने त्या टाळ्यांकडे बघितलं. बाजारात कुजका माल बघून बाई पुढे जाते ना, तसं. मग माझ्याजवळ आली आणि माझं मनगट धरलं. हाताला खरखरीत लागलं.

"सामान कुठाय तुझं?"

"वर. ट्रंक."

"मरू दे. चल."

आम्ही मंचाच्या पुढच्या पायऱ्यांनी उतरलो आणि लोकांमधून चालत बाहेर आलो. बायका माझे गाल कुरवाळत होत्या. एकीने आत्तीच्या पाया पडायला वाकून बघितलं, आत्ती थांबलीच नाही. फाटकाशी तांबोळी मॅडम धावत आल्या. "मीच सांगितलं होतं तिला," त्या मला म्हणाल्या, "कागद हातात पडेपर्यंत एक शब्द बोलू नको म्हणून. नाहीतर हे लोक तारखा लावत बसले असते." त्यांना अजून काही सांगायचं होतं, पण एसटी दिसली आणि आत्तीने मला ओढलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला म्हणे: कागद घेताना आत्ती, शेजारी अण्णासाहेब, खाली 'आत्या-भाचीची हृद्य भेट'. मी फोटोत अर्धी कापली गेले होते. तांबोळी मॅडमनी तक्रार केली. चौकशी झाली. चौकशीत असं निघालं की बोलणाऱ्या बाईची काहीतरी गल्लत झाली असावी, आणि तांबोळी मॅडमची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. जायच्या आधी त्यांनी रुक्सारा, अनसूया आणि आणखी काहीजणींना घरी पोचवलं, सोहळ्याशिवाय. अण्णासाहेबांना पुढे कुटुंब-पुनर्मिलनाच्या कार्यासाठी पुरस्कार मिळाला. शाल, श्रीफळ आणि रुमाल ओला. सुधारणा आली की तिचा हार घालून घ्यायला मान पुढे करणारी माणसं तीच असतात, ज्यांच्यामुळे ती करावी लागली.

पण त्या दिवशी मला अण्णासाहेबांचा राग नव्हता. तो लांबचा माणूस होता. माझ्या शेजारी बसली होती ती आत्ती. एसटीत खिडकीची जागा तिने मला दिली होती आणि स्वतः पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत बसली होती. कंडक्टर तिकीट देऊन गेला. जेऊर मागे पडलं.

"त्याने सांगितलं," मी म्हणाले, "आणि तू ऐकलंस?"

तिने तिकिटं घडी करून पिशवीत ठेवली.

"पोलिसात जायचं. मुंबईचा पत्ता मागायचा. ओरडायचं. आज ओरडलीस तसं. तेव्हा का नाही ओरडलीस?"

"वरडायलाच आलते." तिचा आवाज मी पहिल्यांदा हळू ऐकला. मोटारीच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागलं. "त्यो म्हणाला, बंगला हाय. विंग्रजी शाळा. मोटार सोडाया येती. पोरीला सोताची खोली हाय. मी बसले हुते त्या खुर्चीत. इचार केला, माझ्याकडं काय हाय? गिरणीच्या मागची खोली. तुझे मामा, माझं मालक, तवा आंथरुणाला खिळलेले. पोरगी पीठ खाऊन खोकत बसंल." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मला वाटलं, बरं झालं."

"बरं झालं?"

"रडले की. त्या एष्टीत करमाळ्यापतूर रडले. पर बरं झालं म्हणूनच रडले."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. सात वर्षं जमवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण तिच्याकडे बघितलं आणि कळलं, त्या माणसाने नुसतं खोटं सांगितलं नव्हतं. कुठलं खोटं हिला खरं वाटेल ते त्याने बरोबर ओळखलं होतं. आपल्या घरापेक्षा कुठलंही दुसरं घर पोरीला चांगलंच असणार, हे तिला कोणी पटवून द्यावं लागलं नाही. तो फक्त बंगला म्हणाला. बाकीचा बंगला तिनेच बांधला.

"मला सोताची खोली नव्हती," मी म्हणाले. "वीस जणी झोपायचो."

"कळलं मला. तांबोळीनबाईनं सांगितलं." मग तिने विचारलं, "आन् गिरणीत खोकला आला तर?"

"येऊ दे," मी म्हणाले.

करमाळ्याला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. आत्ती घरी न जाता सरळ गिरणीवर आली, कारण दिवसभर गिरणी बंद होती आणि दाराशी डब्यांची रांग लागली होती. डब्यांच्या मागे बायका. त्यांतली एक, जाडजूड, पदर खोचलेली, मला निरखून बघत पुढे आली.

"सोजरे, सकाळपासनं कुठं उलथलीस? आणि कोण गं ही?"

"माझी भाची. दादाची शालन."

"मुंबईची?" बाई एकदम दोन पावलं मागे सरून मला पुन्हा बघायला लागली. "बंगल्यातली?"

बाकीच्या बायकाही वळल्या. मग मला समजलं, की सात वर्षं ही दळण घालता घालता सगळ्या आळीला माझ्याबद्दल सांगत होती. माझी शाळा, माझी मोटार, माझी खोली. त्या बायकांना मी अण्णासाहेबांपेक्षा जास्त ठाऊक होते. एकीने हळूच विचारलं, कुत्रं आणलं न्हाई का गं बरोबर? म्हणजे कुत्रंही होतं.

आत्तीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पडला होता. मंचावर इतक्या माणसांसमोर जिची जीभ अडखळली नाही, ती या चार बायकांसमोर गप्प उभी होती.

"हो," मी म्हणाले. "मुंबईची."

"आन् येवढा बंगला सोडून आलीस?"

"नाही मानवला," मी म्हणाले.

बाईने माझे हात बघितले, मानेची हाडं बघितली, संस्थेच्या रबरी चपला बघितल्या. मग आत्तीकडे वळून चुकचुकली.

"तरीच वाळलीय गं इतकी. खायला घालत न्हाईत का काय त्या बंगल्यात?"

"न्हाई घालत," आत्ती म्हणाली, पहिला डबा उचलून ओतला आणि गिरणी सुरू केली.